फलकावरचा बाबासो मधाळे

कोल्हापुरातून उचगावकडं निघालात की डाव्या हाताला आमची आंबराई कॉलनी लागते. आंब्याचं झाड एकही नसल्यामुळं नवे पाहुणे हमखास पुढं जातात आणि विचारत विचारत परत येतात. कॉलनीच्या मधोमध नवरत्न तरुण मंडळाची पत्र्याची खोली आहे. त्यातले तरुण आता पन्नाशीच्या पलीकडं गेले, पण पाटीवर अजून तरुणच आहेत. ही खोली माझ्या गॅलरीतून थेट आतपर्यंत दिसते. मी मुद्दाम बघते असं कुणी म्हणू नये. वाळलेले कपडे काढायला मला जरा वेळ लागतो, इतकंच.

बाबासो मधाळेला मी त्या खोलीत पहिल्यांदा बघितलं तेव्हा तो खरं तर खोलीत नव्हताच, दारात होता. ब्याण्णव साल. शेवटच्या गल्लीत दोन खोल्या बांधून तो नुकताच राहायला आलेला. बरोबर बायको शालूबाई आणि चड्डी-फ्रॉकातली लेक दीक्षा. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत वाळूचे साचे करायचा. आंघोळ करून आला तरी नखांच्या कडेला काळी वाळू राहिलेली असायचीच. पहिली पाळी सुटली, चहा झाला, की इस्त्रीचा शर्ट घालून हा मंडळाच्या दारात हजर. चौकटीला खांदा लावायचा आणि आत चाललेला कॅरम बघायचा. आता आमच्याकडचा कॅरम म्हणजे चौघं खेळणार आणि उरलेले शिकवणार. हा एकटाच असा, की जो कुणाला काही शिकवायचा नाही. अख्खा पावसाळा त्यानं नुसतं बघण्यात काढला.

एका दुपारी जोडीच्या डावाला एक गडी कमी पडला. मंडळाचे अध्यक्ष आण्णा खोत. दूध डेअरीवाले. त्यांचा आवाज असा की म्हशीसुद्धा दचकून दोन शेर जास्त देत असतील. ते आतून ओरडले, "ओ पावणं! ती चौकट न्हाय पडत, सोडा तिला. या आत. चौथा गडी पायजे."

बाबासो लगेच आत गेला नाही. बाहेरच्या नळावर हात धुतले, रुमालाला पुसले, चपला भिंतीकडेला नीट जोडून ठेवल्या आणि मग गेला. बसला. पहिलाच फटका. स्ट्रायकर कुठून गेला आणि कुठून आला कुणाला दिसलं नाही, पण दोन सोंगट्या दोन वेगवेगळ्या कोपऱ्यांत गडप. शिकवणारे सगळे गप्प.

"मर्दा," आण्णा म्हणाले, "हे शिकलास कुठं?"

"कारखान्यात. जेवनाच्या सुट्टीत. आमच्या बोर्डाचा एक कोपरा मोडलाय, तवा उरलेल्या तिनांतच सगळं घालायला लागतंय."

त्या दिवशी जो हसण्याचा गदारोळ झाला तो मी गॅलरीतून ऐकला, आणि बाबासो मधाळे मंडळाच्या नवरत्न कॅरम क्लबात आला.

आला तो नुसता खेळायला आला नाही. काही माणसांना बसायला जागा दिली की ती आधी जागा झाडतात, तसला हा. क्लबाचा बोर्ड म्हणजे कपडे धुवायचा दगड झाला होता. त्यानं तो घासून, पुसून, कोरडा ठेवून असा केला की सोंगटीला नुसतं बघितलं तरी ती सरकावी. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून दिव्याला टोपी केली, म्हणजे उजेड डोळ्यांत न जाता बोर्डावर पडेल. पावडर चांगली कुठं मिळते, पावसाळ्यात ती दमट होऊ नये म्हणून कशात ठेवायची, सगळं त्याच्याकडं. शिरोलीतल्या, गांधीनगरच्या मंडळांना बोलावून सामने भरवले. खोलीची किल्ली त्याच्याकडं आली. कमिटी मात्र आण्णांकडं. किल्ली असलेल्या माणसाला कमिटीत कशाला घ्यायचं, तो तर असतोच की आधीपासून, असा आमच्या मंडळाचा सरळ हिशेब.

आणि पंच कोण? तर आमचे हे. प्राथमिक शाळेत मास्तर, म्हणून कॉलनीला मास्तर. त्यांना खेळता येत नाही, जिंकायची आशा नाही, म्हणजे निःपक्षपाती, असं ठरवून त्यांना पंच केलेलं. बाबासोनं त्यांना कॅरमचे सगळे नियम समजावून सांगितले. स्ट्रायकर रेषेवर कसा ठेवायचा, हात कुठवर न्यायचा, आणि खेळताना खुर्चीवरून उठायचं नाही. बूड जरा जरी उचललं तरी फाउल. "आन मास्तर," तो म्हणायचा, "एकदा तुमी बोट वर केलं की संपलं. पंचाशी वाद घालायचा न्हाय. न्हायतर मग खेळ कशाला म्हणायचं?" आमच्या ह्यांना घरात इतका मान कधी मिळाला नव्हता. ते खूश.

आता आमच्या मंडळाची एक पद्धत सांगायला पाहिजे, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खाऊन बसलं. गणपतीच्या पहिल्या दिवसाची पूजा आणि आरती कुणी जोडीनं करायची यावरून आमच्यात दरवर्षी भांडणं व्हायची. एका वर्षी तर नारळ मूर्तीसमोर फुटायच्या आधी एकाच्या दारात फुटला. तेव्हा आण्णांनी तोडगा काढला. श्रावणात कॅरमची स्पर्धा. जो जिंकेल त्याचं नाव खोलीतल्या फलकावर पिवळ्या ऑइलपेंटनं रंगवायचं, आणि पहिली पूजा त्यानं बायकोला शेजारी बसवून करायची. भांडणं थांबली. देवाचं काम सोंगट्यांवर सोपवून सगळे मोकळे.

गणपतीत बाबासो राबायचा किती! मांडवाच्या वायरी, माळा, पाण्याची टाकी, मूर्ती गाडीवरून उतरवताना पायथ्याला खांदा ह्याचाच. पण आरतीची घंटा वाजली की हा गायब. कोपऱ्यावरच्या टपरीवर चहाला. सगळी आरती संपली, कापूर विझला, की परत मांडवात. एकदा आण्णा आमच्याकडं पोहे खाता खाता म्हणाले, "मास्तर, माणूस लाखमोलाचा. न सांगता समजतंय त्याला. आपली जागा ओळखून हाय." ह्यांनी मान डोलावली. मी पोह्यांवर खोबरं घातलं. कुणालाच त्यात काही खटकलं नाही.

सुरुवातीची वर्षं बाबासो स्पर्धेत उतरला नाही, कारण "भरवणाऱ्यानं खेळायचं न्हाय" असा एक नियम होता. तो नियम त्याच्याशिवाय कुणाला सांगितलेला मला आठवत नाही. अठ्ठ्याण्णव साली मात्र त्यानं आण्णांना सांगून टाकलं, "औंदा मी खेळनार. नजर हाय तवर खेळू द्या."

त्याच संध्याकाळी मी फाटकात उभी होते. चिडवायची संधी मी सहसा सोडत नाही.

"काय भावजी, औंदा तुमचं नाव लागणार म्हणे भिंतीवर. नावानं पोट भरतं का?"

"न्हाय भरत, वहिनी." तो थांबला. गप्पा मारायला थांबणाऱ्यातला तो नव्हता, म्हणून मलाच नवल वाटलं. "पन बगा, पंधरा वर्सं साचं करतोय. मोटारीचं झाकन जातंय, पंपाचं जातंय, सगळ्यावर कंपनीचं नाव. ते नाव उठवायचा साचाबी मीच करतो. अक्षरं उलटी करून. एकदा आपलं सरळ लिवलेलं बगावं म्हनतो. दीक्षाला वाचाय येतंय आता."

थट्टा सोडून मी फाटक लावलं आणि आत गेले.

स्पर्धा सुरू झाली आणि हा एकेकाला उचलून टाकत निघाला. पहिल्या फेरीत सगळे टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या फेरीत थोड्या कमी. उपांत्य सामना त्यानं जिंकला त्या दिवशी टाळ्या वाजल्या, पण वाजवता वाजवता माणसं एकमेकांकडं बघत होती. अचानक सगळ्यांच्या लक्षात आलं होतं, की हा जिंकला तर पूजा!

दुसऱ्या दिवशी बाबासोची दुसरी पाळी होती, तेवढ्यात कमिटीची बैठक झाली. माझे कपडे त्या दिवशी फार वेळ वाळत होते.

"तसं काय न्हाय," एकजण म्हणाला, "पन लोक काय म्हनतील?"

"तसं आपन कुनी मानत न्हाय," दुसरा म्हणाला, "पन जोडीनं बसतील न्हवं ते. प्रसाद त्यांच्या हातनं वाटायचा. बायका घेतील का?"

"आमची आई म्हनतीया," आण्णा म्हणाले, "तसं झालं तर मी लेकीकडं जाऊन बसते, परत यायची न्हाय."

आण्णांची आई म्हणजे बयाबाई. ही बाई गेल्याच आठवड्यात बाबासोनं बसवून दिलेल्या नळाखाली पाय धुऊन त्याला आशीर्वाद देत होती. "तसं काय न्हाय, पन" हे वाक्य त्या बैठकीत इतक्या वेळा आलं, की आमच्या मंडळाच्या पाटीवर नावाखाली तेच रंगवावं असं मला वाटलं. जातीचा शब्द एकानंही उच्चारला नाही. फार सुसंस्कृत बैठक.

अंतिम सामना रविवारी, मांडवात. बायका, पोरं, सगळी कॉलनी. समोर आण्णांचा पुतण्या विश्वजित. कॉलेजातलं पोरगं, हात चांगला, आणि तो हात बाबासोनंच घडवलेला. सामना अटीतटीचा झाला आणि शेवटच्या डावात बाबासोची एकच सोंगटी उरली, आणि राणी. त्यानं राणी घेतली. अलगद, दूध उतू जायच्या आत पातेलं उचलावं तशी. आता ती एक सोंगटी गेली की संपलं. मी त्याच्या बरोबर समोर, बायकांच्या पहिल्या रांगेत बसले होते. मांडीला मांडी लावून शालूबाई आणि दीक्षा. त्यानं स्ट्रायकर ठेवला, मनगट एवढंसं हाललं, सोंगटी कडेकडेनं गेली आणि भोकात पडली.

"फाउल!"

आमच्या ह्यांचं बोट वर होतं.

माळेतला एक दिवा चर्र करत होता.

"बूड उचललंस बाबासो," हे म्हणाले. त्याच्याकडं न बघता, बोर्डाकडं बघत.

कुणीतरी मागं फिस्सकन हसलं. मी शपथेवर सांगते, तो माणूस खुर्चीला रंग लावल्यासारखा चिकटून बसला होता. बाबासोनं ह्यांच्याकडं बघितलं. त्याला हसू यावं का राग यावा हे त्याला कळत नव्हतं, असं तोंड.

"मास्तर," तो म्हणाला, "माझं बूड हाय. मला कळलं असतं की."

"पंचाचा निर्णय अंतिम!" आण्णा माईकवरून म्हणाले.

हे बाबासोचंच वाक्य. राणी परत बोर्डाच्या मध्यावर गेली, त्याची सोंगटी परत आली, वर दंडाची आणखी एक. विश्वजितच्या सोंगट्या भोकाच्या तोंडाशीच होत्या. त्यानं त्या आणि राणी घेतली. बाबासोनं उठून त्याच्याशी हात मिळवला, आणि तेव्हा मात्र त्याचं बूड खुर्चीवरून उठलेलं सगळ्या कॉलनीनं बघितलं.

घरी आल्यावर मी ह्यांच्यापुढं ताट ठेवलं आणि विचारलं, "किती उचललं हो? बोटभर का वीतभर?"

"तुला काय कळतंय कॅरममधलं?"

"कॅरममधलं नाही कळत. बूड कळतं."

ह्यांनी भाकरी मोडली, पण तोंडात घातली नाही. "आण्णांनी सांगितलं होतं. पूजेचा प्रश्न होता. उगंच कॉलनीत वाद नको. त्यालाच पुढं त्रास झाला असता."

"म्हणजे त्याच्या भल्यासाठी."

"हो."

"मग खावा की भाकरी."

गणपती बसायच्या आदल्या दिवशी गिरणीत शालूबाई भेटली. गिरणी चालू, आवाज मोठा, म्हणून आम्ही बाहेर पायरीवर बसलो. मी उगीच सांत्वन करायला गेले. म्हटलं, "शालू, वाईट वाटून घेऊ नको गं. पूजेचा मान काय, पुढच्या वर्षीसुद्धा मिळेल."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी उलटं लुगडं नेसून आलेय.

"कसली पूजा, वहिनी? आमच्यात पूजा असतीया व्हय? आजेसासऱ्यांनी छप्पन सालीच सगळं सोडलं. आमी बुद्धाची मानसं. गनपतीपुढं आमी कशाला बसू?"

"म्हणजे?"

"म्हंजे हे आण्णांना सांगनारच होते, पूजा विश्वजितनं करावी, मला तेवढं नाव लावा. बोलून ठेवलंतं त्यांनी माझ्याजवळ." ती पदरानं पीठ झटकत होती. "आन आरतीच्या टायमाला इतकी वर्सं टपरीवर जात्यात ते काय चहासाठी? घरात एक कप पीत न्हाईत. कुनाचा अपमान नको म्हनून गुपचूप उठून जात्यात. तुमाला काय वाटलं?"

आम्हाला काय वाटलं होतं ते मी तिला सांगितलं नाही. मला आधी हसू आलं. इतकी मोठी कमिटी, इतकी सुसंस्कृत बैठक, बयाबाईची लेकीकडं जायची पिशवी भरलेली, आणि तो माणूस त्या पूजेला हात लावायलाच तयार नव्हता! त्याचं ते आरतीच्या वेळी उठून जाणं म्हणजे आपली जागा ओळखणं, असं धरून बसलेले सगळे. मी हसले, आणि शालूबाई हसत नाही हे बघून थांबले. गिरणीवाल्यानं दळण झाल्याची हाक मारली तेव्हा बरं वाटलं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. ह्यांचा चेहरा शाळेत इन्स्पेक्टर आल्यासारखा झाला. "मग त्यानं आधी सांगायचं की!"

"तुम्ही विचारलं होतं?"

आण्णांना कळलं तेव्हा ते खो खो हसले म्हणे. हलके झाले. गणपती झाल्यावर पेढ्यांचा पुडा घेऊन बाबासोच्या घरी गेले. मी तेव्हा योगायोगानं त्याच गल्लीत होते. योगायोग माझ्या बाबतीत वरचेवर होतात. आण्णा दारातल्या खुर्चीवर बसले होते. आत नाही.

"आरं मर्दा, गैरसमज झाला! आदी बोलायचं न्हाय व्हय? आता पूजेची अडचनच मिटली. फुडच्या वर्सी तुजंच नाव."

"खेळून?" बाबासोनं विचारलं.

"म्हंजे काय! खेळूनच की."

"आन ह्या वर्साचं?"

"ते आता रंगवून झालंय."

"रंगवलेलं पुसता येतंय, आण्णा."

"आन मास्तरांची अब्रू? मानूस शाळेत शिकवतोय. पोरं काय म्हनतील?" आण्णांनी आवाज खाली आणला, म्हणजे फक्त दोन गल्ल्यांना ऐकू जाईल इतका. "झालं ते सोड. समजूतदार मानूस हायस तू."

शालूबाईनं चहा आणला. आण्णा उठता उठता म्हणाले, "आत्ताच झाला, वैनी."

बाबासोनं ते "खेळूनच की" खरं मानलं. मला आजही त्याचंच वाईट वाटतं. कारखान्यातून आला की बोर्डावर बसायचा, एकटा, आणि एकाच कोपऱ्यावर कट मारत राहायचा. नव्याण्णवच्या श्रावणात तो खेळायला उतरला, आणि काय चमत्कार सांगू! समोर येणारा प्रत्येकजण हरायला लागला. ज्यांचा नेम कधी चुकत नव्हता त्यांच्या सोंगट्या भोकाशी येऊन थबकायला लागल्या. एकानं तर स्वतःचाच स्ट्रायकर भोकात घातला आणि "नशीब!" म्हणून कपाळाला हात लावला. नाटकात काम दिलं तर पहिल्या प्रवेशाला अंड्यांचा मारा होईल असा अभिनय. बाबासोला सुरुवातीला वाटलं, आपला हात बसलाय.

अंतिम सामन्याला परत विश्वजित. दुसऱ्याच डावात त्याची एक सोंगटी भोकाच्या अगदी ओठावर होती. पोरानं नेम धरला, आणि स्ट्रायकर तिच्या शेजारून गेला. बाबासोनं त्याच्याकडं बघितलं. त्या पोराच्या मनगटातली शीर न् शीर त्याला पाठ होती.

"विश्वजित, ही फुंकर मारली तर जाती."

पोरगं खाली बघत बसलं.

"नीट खेळ."

"मामा, नको ना..." विश्वजित म्हणाला. "काकांनी सांगितलंय. सगळ्यांनाच सांगितलंय."

बाबासोनं आण्णांकडं बघितलं. आण्णा मांडवाच्या झालरी बघत होते, जणू आजच त्यांना त्या पहिल्यांदा दिसल्या. ह्यांनी, म्हणजे आमच्या पंचांनी, चष्मा काढून पुसायला घेतला. बाबासोनं स्ट्रायकर बोर्डाच्या बरोबर मध्ये ठेवला. हातांची पावडर झटकली. बायकांच्या रांगेत दीक्षा माझ्या शेजारी बसली होती, नवा ड्रेस घालून.

"दीक्षा, चल बाळा," एवढंच म्हणाला.

ते दोघं मांडवाबाहेर पडतात न पडतात तोवर माईक कडाडला, "आनि नवरत्न कॅरम स्पर्धेचे यंदाचे विजेते, बाबासो मधाळे!" टाळ्या अशा वाजल्या, की आमच्या कॉलनीत तशा ना आधी वाजल्या ना नंतर. त्या कडकडाटात लेकीचा हात धरून तो गल्लीच्या टोकाशी पोचला. मागं वळून बघितलं नाही. दीक्षानं बघितलं.

पूजा ह्याही वर्षी विश्वजितनंच केली. बायकोशिवाय, कारण त्याचं लग्न व्हायचं होतं. कुणी हरकत घेतली नाही. नियम लवचिक असतात.

सामन्याच्या दुसऱ्या दिवशी बाबासो आमच्या दारात आला आणि ह्यांच्या हातात खोलीची किल्ली ठेवली.

"फलकावर नाव लिवू नका, मास्तर."

"अरे, पेंटर सकाळीच येऊन गेला."

"मग पुसा."

"आता पुसलं तर लोक म्हणतील, मुद्दाम पुसलं. तुझ्यावर अन्याय केला म्हणतील."

"लोक म्हंजे कोन, मास्तर?"

मला वाटलं ह्यांनी निदान एवढं तरी म्हणावं, की बाबा, गेल्या वर्षी तू उठला नव्हतास. दाराआड उभी राहून मी वाट बघितली. हे म्हणाले, "बस, चहा घे."

"आत्ताच झाला," बाबासो म्हणाला आणि गेला.

त्यानंतर तो खोलीत फिरकला नाही. रस्त्यात दिसला तर हसायचा, कुणाचा नळ गळत असेल तर बसवून द्यायचा, पण मांडवाचं काम घेतलं नाही. त्यानं दीक्षाला छोटा बोर्ड आणला. दुपारी त्या घरातून स्ट्रायकरचा टक् टक् आवाज यायचा, आणि बापलेकीचं भांडण. "पप्पा, तुमी मुद्दाम हरालाय!" "न्हाय गं, शपथ न्हाय!" ही शपथ तो फार कळवळून घ्यायचा.

क्लबात पावडरीचे गोळे झाले. दिव्याची टोपी कुणीतरी कोंबड्यांना पाणी ठेवायला नेली. बोर्ड परत धुण्याचा दगड झाला. नाव तेवढं चकाकत राहिलं, कारण पेंटरला आण्णांनी ते बाकीच्यांपेक्षा जाड काढायला लावलं होतं. मंडळात कुणी बाहेरचा आला, नगरसेवक असो, वर्गणी मागणारा असो, की आण्णा त्याला फलकासमोर उभा करायचे. "हे बगा. मधाळे. आमच्यात तसलं काय न्हाय."

दोन हजार तीन साली त्या नावानं खरंच काम केलं. तालुक्यातल्या एका संस्थेनं सलोख्यानं राहणाऱ्या मंडळांना बक्षीस द्यायचं ठरवलं, आणि आमच्या मंडळाला ते मिळालं. रविवारी दुपारी मांडव घातला, पाहुणे आले, स्टेजवर खुर्च्या. मधली एक खुर्ची रिकामी, तिच्यावर शाल ठेवलेली. बाबासोसाठी. आदल्या दिवशी निरोप गेला होता, तरी माणूस आला नव्हता. आण्णांनी ह्यांना पाठवलं. शालूबाईचं एक पातेलं माझ्याकडं बरेच दिवस पडून होतं, ते मला नेमकं तेव्हाच परत द्यायचं आठवलं.

बाबासो गच्चीवर होता. बनियन आणि हाफ पँट, हातात पाना, टाकीचा कॉक बदलत होता. हे खाली उभे राहून मान वर करून बोलायला लागले. पाहुणे आलेत, फोटो आहे, पाच मिनिटांचं काम, तुझ्याशिवाय शोभा नाही.

बाबासोनं सगळं ऐकून घेतलं. कॉक फिरवायचा थांबला नाही.

"मास्तर, नाव हाय न्हवं तुमच्याकडं?"

"आहे की! म्हणून तर..."

"मग त्यालाच बसवा की खुर्चीवर."

हे परत फिरले. वाटेत मी काही बोलले नाही, आणि मी काही बोलले नाही म्हणून ह्यांना जास्त त्रास झाला असावा.

स्टेजपाशी आण्णांनी माईकवर हात ठेवून विचारलं, "काय म्हनाला?"

हे म्हणाले, "कामावर गेलाय."

आण्णांनी माईक तोंडाशी नेला आणि सांगितलं की आमचे लाडके विजेते बाबासो मधाळे कारखान्यात कर्तव्यावर असल्यामुळं येऊ शकले नाहीत, त्यांच्या वतीनं आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवू. शेवटच्या गल्लीतली ती गच्ची मांडवातून सरळ समोर दिसते. पुढच्या रांगेतल्या बयाबाईनं तिकडं बघितलं. विश्वजितनं बघितलं. कमिटीनं एकेक करून बघितलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या थांबल्यावर पाना लोखंडावर आपटल्याचा ठण् ठण् आवाज यायला लागला. आण्णांनी माईकवाल्याला आवाज वाढवायला सांगितला.